आधी ऊन पाहा, मग फोर-के

भाऊ, पाच हजारांच्या आत फोर-के (खूप बारीक चित्राचा) डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर लावून रस्ता टिपणारा कॅमेरा, घ्यावा की साधा, असं तुम्ही विचारलं. मी म्हणतो, फोर-के सोडा. आपल्याकडे आधी ऊन पाहायचं. मे महिन्यात चंद्रपुरात पारा 45 च्या वर जातो अन् बंद गाडीची काच तव्यावानी तापते. माझा पहिला कॅमेरा लिथियम बॅटरीचा होता. दुसऱ्याच उन्हाळ्यात बॅटरी फुगली, मागचं झाकणच उचकटलं. म्हणून सुपरकपॅसिटरवालाच घ्या; बॅटरीच्या जागी वीज साठवणारा हा भाग ऊन जास्त सोसतो. 1080पी, म्हणजे साधं फुल एचडी, भरपूर झालं, पण रात्रीचं नीट दिसलं पाहिजे. कापसाच्या बंड्यांना (बैलगाड्यांना) मागं लाईट नसतो, अन् रोही (नीलगाय) कुठून आडवा येईल, काही नेम नाही.

मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्सचं, म्हणजे सतत रेकॉर्डिंग सोसणारं घ्या, 64 जीबी. अन् दुकानदार सांगत नाही ते सांगतो: जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा भाग, 'लो'वर ठेवा. आमच्या पांदण रस्त्यावर दर गड्ड्याला त्याला अपघातच झाल्यासारखा वाटे, की झाली फाइल लॉक! लॉक झालेली फाइल कॅमेरा आपोआप पुसत नाही, म्हणून आठवड्यात कार्ड भरलं अन् रेकॉर्डिंग बंद. पार्किंग मोडच्या, म्हणजे उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग चालू ठेवायच्या, नादी लागू नका. उगाच गाडीची बॅटरी उतरते, अन् आपली गाडी तर अंगणातच उभी असते.