लहान शहराची हवा: ग्वाल्हेरचा दाखला

लहान शहरात हवा शुद्ध असते, म्हणून आरोग्य उत्तम राहते, हे म्हणणे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहून मला मान्य करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत येथील पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे १७६ मायक्रोग्रॅम, म्हणजे मुंबईपेक्षा कितीतरी अधिक होते. समुद्रावरचे वारे मुंबईची हवा हलती ठेवतात, तर येथे कोरड्या जमिनीची धूळ आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर हिवाळ्यातील स्थिर हवेत जमिनीलगतच कोंडून राहतो. बाजार आणि नातेवाईक पायी जाण्याच्या अंतरावर असतात, हा लाभ मात्र खरा. घरात दम्याचा रुग्ण असल्यास लहान शहरात राहायला जाण्यापूर्वी त्या शहरातील हिवाळ्यातल्या प्रदूषणाच्या नोंदी अवश्य पाहाव्यात, ही कळकळीची विनंती.