टिशूवरचा पारदर्शक लाल एका उन्हाळ्यात उडाला, आता काय मारू?

भाट्याची_पुळण (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मी बाल्साच्या हलक्या लाकडाचं एक हाय-विंग (पंख वर बसवलेलं) मॉडेल विमान बांधलं, पंखांचा पसारा १.४ मीटर, मोटर इलेक्ट्रिक. पंखावर पांढरा जपानी टिशू, त्यावर नायट्रेट डोपचे (टिशू ताणून बसवणाऱ्या लॅकरचे) तीन हात, आणि मग पारदर्शक लाल, टोकांना पिवळा. मला आतल्या रिब (पंखाच्या लाकडी फासळ्या) दिसायला हव्यात म्हणजे हव्यातच, कारण संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर विमान सूर्याच्या बाजूने डोक्यावरून जातं ना तेव्हा सगळा पंख दिव्यासारखा पेटतो आणि रिबा पानाच्या शिरांसारख्या दिसतात, त्या दोन सेकंदांसाठी तर मी तीन महिने बांधत बसलो होतो.

रंग म्हणून मी क्राफ्टच्या दुकानातला ग्लास पेंट वापरला. लावला तेव्हा अप्रतिम दिसला. डिसेंबरात उडवायला लागलो, मार्चपर्यंत ठीक होता आणि मे संपता संपता वरची बाजू फिक्कट गुलाबी झाली. पिवळा तर जवळजवळ नाहीच. पंखाच्या मध्यावर जिथे रबर बँड बसतात त्यांच्या खाली मात्र मूळ लाल पट्टे तसेच्या तसे आहेत, ते बघून जास्त वाईट वाटतं.

आता पावसात पंख सोलून नवा टिशू चढवणार आहे. दुकानदार म्हणतो वरून यूव्ही क्लिअर (अतिनील किरण अडवणारा बिनरंगी थर) मारा, रंग टिकेल. मित्र म्हणतो गाडीचा कँडी कलर, म्हणजे पारदर्शक रंग, घे. दोघांपैकी कोणाचं ऐकू? की पारदर्शक रंग टिकतच नाहीत आणि सरळ अपारदर्शक मारावा?

रोहेकर_काका (रोहा)

अपारदर्शक मारू नका, एवढ्या मेहनतीने केलेल्या रिबा झाकायच्या कशाला. मी बरीच वर्षं रंगाच्या कारखान्यात लॅबला होतो, मॉडेलं त्याच्याही आधीपासून बांधतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमचं चुकलं ते क्लिअर न मारण्यात नाही, रंग निवडण्यात. पारदर्शक रंग दोन जातींचे असतात. एक डाय, म्हणजे पाण्यात साखर विरघळते तसा माध्यमात पूर्ण विरघळलेला. दुसरं पिगमेंट, म्हणजे न विरघळणारे बारीक कण नुसते पसरलेले. डाय दिसायला काचेसारखा स्वच्छ, म्हणून ग्लास पेंटमध्ये आणि बऱ्याचशा कँडीमध्ये तोच. पण त्याचा प्रत्येक रेणू सुटा असतो, उन्हाच्या तोंडी एकटा. पिगमेंटच्या एका कणात असंख्य रेणू घट्ट बसलेले असतात, वरचे काही मेले तरी आतले शिल्लक राहतात, त्यामुळे रंग सावकाश उतरतो.

आणि पारदर्शक रंगाला ऊन जास्त लागतं हे लोक विसरतात. भिंतीचा जाड लाल रंग असेल तर वरचा थर खालच्याला सावली देतो. तुमच्या पंखात ऊन एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडतं, म्हणजे थराच्या तळापर्यंत सगळ्या रंगाला तेवढाच मार. त्यात मुळात रंग कमी टाकलेला. त्यात आपल्याकडे मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि पंख तर आडवाच असतो, म्हणून वरची बाजू गेली.

आता काय घ्यायचं. कलाकारांचे ॲक्रिलिक रंग किंवा शाई घेतलीत तर चांगल्या कंपन्या बाटलीवर पिगमेंटचा कोड छापतात, रंगाचं गोड नाव वाचू नका, कोड वाचा. निळ्याला पीबी १५, हिरव्याला पीजी ७, हे दोन्ही थॅलो, पारदर्शक आणि दणकट, डोळे मिटून घ्या. लाल-गुलाबीला पीव्ही १९ किंवा पीआर १२२, हे क्विनाक्रिडोन. गडद मरून लाल हवा असेल तर पीआर १७९, पेरिलीन, गाड्यांच्या रंगात हा फार वापरतात. पिवळा सगळ्यात नाजूक, त्यात पीवाय ११० किंवा पीवाय १५० बघा. पीआर ८३ म्हणजे अलिझरिन, सुंदर दिसतो पण पातळ थरात उडतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. फ्लुओरेसंट तर नकोच नको.

सगळ्यात टिकाऊ म्हणाल तर पारदर्शक आयर्न ऑक्साइड, म्हणजे अतिबारीक केलेला गंजच. तांबूस, मधासारखा पिवळा, अशा छटा मिळतात. तो स्वतःच अतिनील किरण शोषतो, त्यामुळे खालच्या लाकडालाही वाचवतो. जुन्या धाटणीच्या विमानाला तो रंग इतका शोभतो की एकदा करून बघाच. फक्त साधा रेड ऑक्साइड आणू नका, तो अपारदर्शक असतो, रिबा गायब होतील.

कँडीबद्दल मित्राला विचारा की डायचा की पिगमेंटचा. गाडीच्या रंगाच्या दुकानात शेड मिक्स करायचं मशीन असतं, त्यात जे टिंटर, म्हणजे मिसळायचे मूळ रंग, असतात त्यातले पारदर्शक टिंटर थोडे थोडे मागून घ्या. ते मुळात वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी केलेले असतात.

चौल_ग्लायडर (अलिबाग)

काकांचं सगळं मान्य, पण एवढा खटाटोप कशाला असं मला वाटतं. मी सरळ पॉलिएस्टर फिल्म चढवतो, ओराकव्हरमध्ये पारदर्शक लाल, निळा, पिवळा सगळं मिळतं, इस्त्री फिरवली की झालं, रंगाचा वास नाही की वाळायची वाट बघणं नाही, आणि पावसाळी हवेत टिशू जसा ढिला पडतो तसं फिल्मचं होत नाही, उन्हात सुरकुत्या पडल्या तर परत इस्त्री. माझा एक पारदर्शक निळा पंख तिसऱ्या उन्हाळ्यात आहे आणि अजून निळा आहे. लाल मात्र माझाही थोडा उतरलाय हे खरं सांगतो.

भाट्याची_पुळण

@चौल_ग्लायडर दादा, फिल्म मी ट्रेनरवर (शिकायच्या विमानावर) वापरतो आणि ती चांगलीच आहे. पण टिशूवरून येणारा उजेड वेगळा, मऊ. फिल्म चकचकते, टिशू उजळतो. म्हणून टिशूच.

काका, खूप आभार. पीआर १२२ आणि पीवाय १५० मिसळून लाल केला तर? आणि मग क्लिअर मारायचाच नाही का? वजनाची पण भीती आहे.

रोहेकर_काका

मिसळा की, छान लाल होतो. फक्त मिश्रणात जो कच्चा तो आधी जातो आणि छटा बदलते. म्हणूनच स्वस्त हिरवे उन्हात निळे होतात, त्यातला पिवळा उडून गेलेला असतो. तुमची जोडी दोन्ही बाजूंनी चांगली आहे. बाल्सावर आणि डोपवर मुळातच पिवळसर झाक असते हेही धरून चाला. गुलाबी त्यावर जरा केशरी दिसेल, निळा हिरवट दिसेल, म्हणून पिवळा अंदाजापेक्षा कमी टाका.

क्लिअर मारा, पण त्याच्याकडून काय अपेक्षा करायची ते समजून मारा. यूव्ही क्लिअरमधलं द्रव्य अतिनील किरण शोषतं, पण डोळ्याला दिसणारा उजेड तो अडवू शकत नाही, अडवला तर तो क्लिअरच राहणार नाही, आणि कच्चे डाय दिसणाऱ्या उजेडानेही उडतात. म्हणजे दुकानदाराचा उपाय चांगल्या पिगमेंटला मदत करेल, ग्लास पेंटला थोडेच दिवस वाचवेल. शिवाय ही शोषणाची ताकद थराच्या जाडीवर असते. गाडीवर क्लिअर साधारण ४० ते ६० मायक्रॉन असतो, आपण तेवढा मारू शकत नाही.

वजनाचा हिशोब सोपा आहे. तुमचा पंख १.४ मीटर, रुंदी अंदाजे २२ सेंटिमीटर धरली तर दोन्ही बाजू मिळून ०.६ चौरस मीटर. वाळल्यावर २५ मायक्रॉनचा थर म्हणजे १५ घन सेंटिमीटर, म्हणजे १६-१७ ग्रॅम. ५० मायक्रॉन केला तर ३३ च्या आसपास. मी म्हणेन वरच्या बाजूला २५ आणि खालच्या बाजूला नुसता हात फिरवल्यासारखा, खालून ऊन कमीच लागतं.

कुठला क्लिअर हे फार महत्त्वाचं. हार्डवेअरमध्ये मिळणारा आतल्या फर्निचरचा पीयू (पॉलियुरेथेन) बऱ्याचदा ॲरोमॅटिक असतो, तो स्वतःच उन्हात पिवळा पडतो. ॲलिफॅटिक, बाहेरच्या वापराचा, असं स्पष्ट विचारून घ्या. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरही पिवळा पडतो. गाडीचा टूके क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा) उत्तम, पण तो कडक होतो आणि रिबांच्या मधे ताणलेल्या टिशूवर तडकू शकतो, म्हणून प्लास्टिक बंपरसाठी जो लवचीकपणाचा ॲडिटिव्ह मिळतो तो त्यात घाला.

आणि हे मनापासून सांगतो, टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतं, एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून घरात मारू नका. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर गाड्या रंगवणाऱ्याच्या बूथमध्ये नेऊन त्याच्याकडून मारून घ्या. तुमची मोटर इलेक्ट्रिक आहे, ग्लो इंजिनाचं इंधन, म्हणजे मिथेनॉल, अंगावर उडणार नाही, त्यामुळे पाण्यातला यूव्ही ॲक्रिलिक क्लिअर चालतो. मी हल्ली तोच वापरतो.

पेणचा_ब्रश (पेण)

मी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, मॉडेल विमानं नुकतीच सुरू केलीत. टिकाऊपणाचं मला विचारू नका, आमची मूर्ती दहा दिवसांची, पण पारदर्शक रंग मारायचा कसा ते रोजचं काम आहे.

पारदर्शक रंगात जाडी हाच रंग असतो. जिथे दोन हात एकमेकांवर चढले तिथे गडद पट्टा, आणि तो पुसता येत नाही. ब्रश विसरा, एअरब्रश किंवा लहान गन घ्या. एका हातात पूर्ण लाल आणायचा प्रयत्न करू नका, पहिला हात इतका फिका मारा की मारला की नाही असं वाटावं, मग पंख आडवा फिरवून दुसरा, असे पाच-सहा. मागे बल्ब लावून बघत बघत मारा, पुढून सारखं दिसतं आणि उजेडावर धरलं की ढग दिसतात. दोन्ही पंखांना मोजून तेवढेच हात, नाहीतर डावा-उजवा वेगळा होतो.

दुसरं म्हणजे हवा. तुम्ही पावसात रंगवणार म्हणताय, तिथेच घोटाळा आहे. आपल्याकडे जुलैत कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, मॉइश्चर ट्रॅप नसेल तर रंगात थेंब येतात. डोपचं तर त्याहून वाईट, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरी धुरी धरते. तसं झालं तर घाबरू नका, रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा हलका हात मारला की बऱ्याचदा निघते. पण बांधकाम पावसात करा, रंग ऑक्टोबरात मारा असंच मी सांगेन.

वेंगुर्ल्याचो_झील (वेंगुर्ला)

मी विमानवालो नाय, पण रंगाचा थोडा म्हायत आसा म्हणान लिवतंय. आमची होडी आसा. पावसात वर काढतत आणि नारळी पुनवेच्या आदी रंग मारतत. तांबडो पयलो उडता, निळो तसोच रवता, ह्यां ल्हानपणापासून बघतंय. आणि एक, दर्यावरसून इल्यावर मिठाचो थर बसता, तो गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यान पूस. सुक्या फडक्यान पुसलंस तर मीठ घासता आणि चकाकी जाता. विमान खिडकेसमोर टांगू नको.

रोहेकर_काका

झीलाने लाखमोलाचं सांगितलं. खिडकीची काच काही अतिनील किरण अडवते, सगळे नाही, आणि टांगलेलं विमान तिथे रोज दिवसभर असतं. उडवताना ऊन लागतं ते आठवड्याचे दोन तास. जुन्या चादरीची पिशवी शिवून त्यात पंख ठेवा.

आणि मॉडेलवर मारायच्या आधी एक काम करा. टिशू चढवलेल्या चार पट्ट्या करा, वेगवेगळे रंग मारा, प्रत्येकीवर अर्ध्या भागात क्लिअर मारा, मग अर्धी पट्टी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि गच्चीवर आडवी ठेवून द्या. आमच्या लॅबमध्येही मुळात हेच करायचे, फक्त तुलनेला जवळ ब्लू वूलच्या (निळ्या रंगवलेल्या लोकरीच्या) पट्ट्या ठेवायचे, १ नंबर सगळ्यात लवकर उडणारी आणि ८ नंबर सगळ्यात टिकाऊ.

भाट्याची_पुळण

चार महिन्यांनी परत आलोय, पट्ट्यांचं सांगायचं होतं.

पाऊस सरल्यावर गच्चीवर टाकीशेजारी ठेवल्या होत्या, मध्यंतरी फॉइल काढलं. जुना ग्लास पेंट लाल: उघडा भाग जवळजवळ टिशूच्या रंगाचा, क्लिअरखालचा गुलाबी, म्हणजे काका म्हणाले तसंच, क्लिअरने थोडे दिवस दिले पण वाचवलं नाही. पीआर १२२ आणि पीवाय १५० चं मिश्रण: फॉइलची कड शोधावी लागली, नीट बघितलं तर उघडा भाग किंचित गुलाबीकडे झुकलाय, क्लिअरखाली तेही नाही. थॅलो निळा: दोन्ही अर्ध्यांत मला फरक दिसलाच नाही. पारदर्शक ऑक्साइड: काहीही नाही, उलट फॉइलखालचा आणि बाहेरचा ओळखायला आईला बोलावलं, तिलाही जमलं नाही.

मग ठरवलं, पंखाचा मधला सगळा भाग ऑक्साइडचा मधासारखा तांबूस आणि फक्त टोकांना लाल, कधी उतरलाच तर तेवढीच टोकं परत मारता येतील. गेल्या आठवड्यात मारला, पेणच्या दादांनी सांगितलं तसे सहा हात, मागे बल्ब लावून. क्लिअर पाण्यातला, पंखाचं वजन आधी आणि नंतर केलं, १८ ग्रॅम वाढलं. पिशवी आईच्या जुन्या नऊवारीची शिवलीय.

काल संध्याकाळी भरती उतरल्यावर पुळणीवर नेलं. समुद्राच्या बाजूला सूर्य होता, विमान परत येताना मधे आलं आणि सगळ्या रिबा दिसल्या.