नवी खाऱ्या पाण्याची टाकी: पहिले शंख-खेकडे कधी आणि किती सोडावेत?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहतो. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळलेत, खाऱ्या पाण्याची टाकी मात्र पहिलीच. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर, पण दगड आणि वाळू वजा जाता पाणी बरंच कमी. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यामुळे समुद्रातला (मेलेल्या प्रवाळाचा) दगड आणायचा प्रश्नच नव्हता. सिरॅमिकचे कृत्रिम दगड रचले आणि विषारी अमोनिया पचवणारे बाटलीतले जिवाणू घातले.

पाणी आरओ-डीआयचं (क्षार काढून शुद्ध केलेलं) घेऊन त्यात मीठ मिसळलंय, घनता १.०२५, चिलरवर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) तापमान २६ अंश. चाचणीसाठी अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) चढवला तरी चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात. मोठा पाणीबदल केल्यावर नायट्रेट १०च्या आसपास आहे. मासा अजून एकही नाही.

आता वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर धरू लागलाय. हात लावला की धुरळ्यासारखा उठतो, म्हणजे डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ) असावेत. हिरवं शेवाळ दिसत नाही. दुकानदार म्हणतात, 'सफाईवाले' लगेच सोडा: २० हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे), १० टर्बो (शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी) आणि वाळू चाळणारा एक तारामासा.

हा आकडा मला पटत नाही. टर्बो खादाड असतात. थर संपला की दहा जण खाणार काय? तारामासा वाळूतल्या बारीक जिवांवर जगतो आणि माझ्या कोरड्या, नव्या वाळूत ते जवळपास नाहीतच. तो उपासमारीने हळूहळू मरेल. माझ्यासाठी हे टाकीतले पहिले प्राणी आहेत, पुसायचं फडकं नव्हे. मेले तर दुसरे आणू, या हिशेबाने मला काहीच सोडायचं नाही.

तर जाणकारांनी सांगावं: डायटमवर सुरुवात करावी की हिरव्या शेवाळाची वाट पाहावी? हर्मिट रिकाम्या शंखासाठी गोगलगायींना मारतात हे कितपत खरं? ट्रोकस ही शेवाळ खाणारी गोगलगाय चांगली म्हणतात, पण ट्रोकस निलोटिकस ही जात वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे, मग दुकानात ओळखायचं कसं? आणि मालवणला जाणं होतं, तिथल्या खडकांवरचे शंख आणले तर चालतील का?

प्रतिसाद:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे धोका आहे. किनाऱ्यावरून काही आणू नका. मालवणला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, आणि अनोळखी शंख उचलताना त्यात कोन शंख निघाला तर त्याचा दंश माणसाच्याही जिवावर बेतू शकतो. शिवाय भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या नेराइट गोगलगायी पाण्याबाहेर चढतात. टाकीतून निघून फरशीवर वाळून मरतात.

डायटमवर सुरुवात जरूर करा, पण सिरिथने (लहान, निमुळत्या शंखाची गोगलगाय). चार-पाच पुरे. ते काच, दगड आणि वाळूचा वरचा थर, सगळीकडे चरतात. मग दोन आठवडे नुसतं बघा. नॅसेरियस (वाळूत राहणाऱ्या गोगलगायी) आत्ता नकोत, ते शेवाळ खात नाहीत. मासे आले आणि वाळूत उरलंसुरलं अन्न पडू लागलं की आणा. ट्रोकसची पिल्लं जातीनिशी ओळखणं अवघड असतं. विक्रेता खात्रीने सांगू शकत नसेल तर सोडून द्या. समुद्री काकडी कुणी देऊ केली तर सरळ नाही म्हणा, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

हर्मिटबद्दल ऐकलंत ते खरं आहे. शंख लहान पडू लागला की ते गोगलगायीवर जातात. पुढे दोन-तीन घेतलेत तर वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख टाकीत ठेवा.

सोडताना घाई करू नका. अनेक दुकानांत माशांच्या टाक्यांची घनता १.०२०च्या आसपास ठेवतात. पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं उपकरण) मोजा आणि फरक असेल तर नळीने टाकीतलं पाणी थेंब-थेंब पिशवीत देत तासाभराहून जास्त वेळ घ्या. मासे हा फरक बऱ्यापैकी सोसतात, गोगलगायींना तो सोसत नाही. टाकी किंवा पंप जुना असेल तर त्यात कधी तांब्याचं औषध वापरलं होतं का, हे आधी विचारून घ्या. थोडंसं तांबंही या जिवांना मारतं.

धागाकर्ता:

मनापासून आभार. टाकी आणि पंप दोन्ही नवे आहेत, त्यामुळे तांब्याची भीती नाही. सिरिथ पाचच आणतो. एक राहिलं: थर त्यांनी लवकर संपवला तर नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा दगडाला रबराने बांधून दिलेला चालेल का? आणि दिवा सध्या आठ तास असतो, तो तसाच ठेवू की कमी करू?