फायनान्सची पार्श्वभूमी नाही, इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या मुलाखतीची तयारी कशी करू?

पेट्रीडिश:
नमस्कार मंडळी. माझी एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्रात, त्यानंतर एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी. आता इन्व्हेस्टमेंट बँकेत अ‍ॅनालिस्टच्या जागांसाठी अर्ज केलेत आणि मुलाखती दोनेक महिन्यांवर आल्यात. ताळेबंद कशाला म्हणतात तेवढं कळतं. डीसीएफ, एलबीओ ही अजून नुसती नावं आहेत. प्रश्नोत्तरांची एक जाडजूड पीडीएफ पाठ करतेय, पण पुढचं पाठ, मागचं सपाट असं चाललंय. सुरुवात कुठून करू? कॉमर्सवाल्यांपुढे माझा निभाव लागेल का? आणि "बँकिंगच का?" असं विचारलं तर काय सांगू?

ताळाजुळला:
क्रम सांगतो. आधी अकाउंटिंग, मग इक्विटी व्हॅल्यू (भागधारकांच्या वाट्याची किंमत) आणि एंटरप्राइज व्हॅल्यू (त्यात कर्ज मिळवून, रोकड वजा करून येणारी व्यवसायाची किंमत) यांतला फरक, मग व्हॅल्युएशन म्हणजे कंपनीची किंमत ठरवणं, मग मर्जर, एलबीओ (मोठं कर्ज काढून कंपनी विकत घेणं) सगळ्यात शेवटी. एलबीओची कल्पना समजली आणि पाच वर्षांत पैसे दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण १५ टक्के, तिप्पट म्हणजे २५, एवढं तोंडावर असलं तरी पहिल्या फेरीला चालून जातं. एक्सेलमध्ये एक छोटं मॉडेल कोऱ्या शीटवर स्वतः बांधा. तयार टेम्प्लेट डाउनलोड करू नका.

कणभौतिकी:
मी भौतिकशास्त्रातून या क्षेत्रात आले, आणि आता उमेदवारांच्या मुलाखतीही घेते. टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते मनापासून सांगते.

पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. नेहमीचाच प्रश्न घ्या: घसारा १० ने वाढला तर नफा-तोटा, कॅश फ्लो आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय होईल? कर ३० टक्के धरू. करपूर्व नफा १० ने घटला, कर ३ ने कमी झाला, म्हणजे निव्वळ नफा ७ ने खाली. कॅश फ्लोची सुरुवात या उणे ७ पासून. पण घसाऱ्यापोटी कोणाला पैसे दिलेले नाहीत, म्हणून १० परत मिळवायचे, रोकड ३ ने वर. ताळेबंदात यंत्रसामग्री १० ने खाली, रोकड ३ ने वर, एकूण मालमत्ता ७ ने खाली. समोरच्या बाजूला रिटेन्ड अर्निंग्ज (कंपनीत साठलेला नफा) ही ७ ने खाली. जुळलं.

इथवर बहुतेक जण धडाधड म्हणून दाखवतात. मग मी विचारते, "हे ३ आले कुठून?" आणि खोलीत शांतता पसरते. ते ३ म्हणजे वाचलेला कर, दुसरं काही नाही. हे ज्याला आपणहून सांगता येतं, त्याची पदवी कशातली आहे हे मी पुन्हा बघत नाही. म्हणून निभाव लागेल का, याचं माझं उत्तर 'हो' आहे, आणि ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं नाही.

दुसरा असाच प्रश्न: कंपनीने १०० चं कर्ज काढलं आणि पैसे तसेच खात्यात ठेवले, तर एंटरप्राइज व्हॅल्यू किती बदलेल? काहीच नाही. सूत्रात कर्ज मिळवतो आणि रोकड वजा करतो, दोन्ही १०० ने वाढले. इबिटडाची (व्याज, कर, घसारा वगैरे वजा करण्याआधीचा नफा) जोडी एंटरप्राइज व्हॅल्यूशी आणि निव्वळ नफ्याची इक्विटी व्हॅल्यूशी का, तेही यातूनच उलगडतं: व्याज देण्याआधीचा आकडा भागधारक आणि कर्ज देणारे या दोघांचा, व्याज दिल्यानंतरचा फक्त भागधारकांचा. डीसीएफचं, म्हणजे भावी रोकड प्रवाहाची आजची किंमत काढण्याचं गणित तुम्हाला जड जाणार नाही. फायनान्सचे प्राध्यापक अस्वथ दामोदरन यांची व्हॅल्युएशनवरची व्याख्यानं नेटवर मोफत आहेत, ती ऐका.

आता तुमच्या लॅबबद्दल. तुम्ही ती झाकायची गोष्ट समजताय असं वाटलं. औषध कंपन्यांचं व्हॅल्युएशन करताना, जे औषध अजून चाचण्यांत आहे त्याच्या भावी रोकड प्रवाहाला ते बाजारात पोचण्याच्या शक्यतेने गुणतात. तीन टप्प्यांपैकी दुसऱ्यात सर्वाधिक औषधं का गळतात, हे तुम्ही जितकं नीट सांगाल तितकं कॉमर्सचा उमेदवार क्वचितच सांगेल. फक्त एक ध्यानात ठेवा. अपयशाचा धोका असा एकदा धरला की त्याच धोक्यासाठी डिस्काउंट रेट (भावी पैसे आजच्या किमतीत आणण्याचा दर) पुन्हा चढवायचा नाही, नाहीतर तोच धोका दोनदा मोजला जातो. हे मुलाखतीत सांगितलंत तर समोरचा माणूस मान वर करून बघेल.

एखादं डील आतून-बाहेरून माहीत हवं. तुमच्यासाठी मी फायझरने कर्करोगावरची औषधं बनवणारी सीजेन ही कंपनी विकत घेतली, ते सुचवेन. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालं, त्याच वर्षी डिसेंबरात पूर्ण झालं. शेअरमागे २२९ डॉलर रोख, एंटरप्राइज व्हॅल्यू सुमारे ४३ अब्ज डॉलर, आदल्या बंद भावावर साधारण एक तृतीयांश प्रीमियम. त्यातले ३१ अब्ज डॉलर नव्या दीर्घ मुदतीच्या कर्जातून उभे करू, असं फायझरने सांगितलं होतं. का घेतलं? कोविडची विक्री ओसरत होती, काही मोठ्या औषधांची पेटंट या दशकाच्या शेवटाकडे संपणार होती, आणि सीजेनकडे अँटिबॉडी-ड्रग काँज्युगेटचं (अँटिबॉडीला जोडलेलं औषध) तंत्रज्ञान होतं. २०३० मध्ये सीजेनकडून १० अब्ज डॉलरहून जास्त महसूल येऊ शकतो, हा फायझरचा अंदाजही 'रिस्क-अ‍ॅडजस्टेड' होता. मगाशी सांगितलेला गुणाकार तो हाच. काँज्युगेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत औषध कसं नेतं हे तुम्ही दोन वाक्यांत सांगा आणि तिथून थेट किमतीवर या. त्याच चौकटीत मग एखादं ताजं डीलही बसवा.

"बँकिंगच का?" याचं उत्तर तुमच्या कामातच शोधा. लॅबमध्ये एखादा प्रकल्प बंद पडला तेव्हा तो निर्णय कोणत्या आकड्यावर झाला, हे जाणून घ्यावंसं वाटलं का? वाटलं असेल तर तेच सांगा. लहानपणापासून शेअर बाजाराची आवड वगैरे नको.

जमल्यास एक प्रश्न इथेच सोडवून दाखवा: १० ची उधार विक्री, खर्च शून्य, कर ३० टक्के, तोही लगेच रोख भरला. तिन्ही पत्रकं?

पेट्रीडिश:
ताई, कागदावर करून बघितलं. निव्वळ नफा ७ ने वर. कॅश फ्लोत ७ पासून सुरुवात, येणी वाढली म्हणून १० वजा, रोकड ३ ने खाली. ताळेबंदात येणी १० ने वर, रोकड ३ ने खाली, एकूण ७ ने वर, तिकडे रिटेन्ड अर्निंग्ज ७ ने वर. जुळतंय. पण नफा झाला आणि रोकड घटली?

कणभौतिकी:
बरोब्बर. ग्राहकाकडून पैसे यायचेत, कर मात्र भरून झाला. वाढत्या कंपन्या कागदावर नफ्यात असूनही खेळत्या भांडवलासाठी कर्ज का काढतात, त्याचं मूळ इथे आहे. आता त्याने पुढच्या वर्षी पैसे दिले तर?

पेट्रीडिश:
नफा-तोट्यात काहीच नाही. येणी १० ने खाली, रोकड १० ने वर. दोन्ही वर्षं मिळून रोकड ७ ने वर, म्हणजे पहिल्या वर्षीच्या नफ्याइतकीच! पीडीएफ मिटवली. आज रात्री सीजेनची कागदपत्रं उघडते.