मदत हवी आहे: ऑनर हॅरिंगटन मालिका, अकराव्या पुस्तकानंतर कोणत्या क्रमाने वाचू?

नमस्कार मंडळी,

डेव्हिड वेबरची ऑनर हॅरिंगटन मालिका (अंतराळातल्या आरमारी युद्धांच्या विज्ञानकादंबऱ्या, नायिका ऑनर ही युद्धनौकेची कप्तान) वाचत वाचत 'ॲट ऑल कॉस्ट्स'पर्यंत आले आहे. मुख्य मालिकेतलं हे अकरावं पुस्तक. त्यानंतरचं 'मिशन ऑफ ऑनर' उघडलं आणि सुरुवातीच्या प्रकरणांतच अडखळले. टॅलबॉटमध्ये काय झालं, मोनिकाची लढाई कोणती, मेसा ग्रहावरची ही माणसं कोण, हे सगळं वाचकाला ठाऊक आहे असं धरूनच पात्रं बोलतात. शोधाशोध केल्यावर कळलं की मधल्या काळात दोन उपमालिका सुरू झाल्या आहेत आणि मुख्य कथा त्यांच्यातून वाहत पुढे आली आहे. जालावर क्रम सांगणाऱ्या याद्या पुष्कळ आहेत, पण एक यादी दुसरीशी जुळत नाही. काही ठिकाणी कथेतल्या कालक्रमाने वाचा म्हणतात, काही ठिकाणी प्रकाशनाच्या क्रमाने. ज्यांनी शेवटपर्यंत वाचलं आहे त्यांनी कृपया सांगावं: मी कुठून सुरू करू, आणि यातलं एखादं पुस्तक वगळलं तर चालेल का?

मला या मालिकेत काय आवडतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला सुचवणं सोपं जाईल.

पहिलं पुस्तक, 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन' (१९९३), माझं अजूनही सर्वांत लाडकं आहे. ऑनरला फिअरलेस नावाची जुनी हलकी क्रूझर मिळते. तिची नेहमीची बरीच शस्त्रं काढून तिथे एक प्रायोगिक हत्यार बसवलेलं असतं. सरावात ते पहिल्यांदा चमकतं आणि नंतर सपशेल अपयशी ठरतं, आणि ज्यांच्या हट्टापायी ते बसवलं त्यांना तोंड लपवायला ही क्रूझर नजरेआड हवी असते. म्हणून तिची रवानगी बॅसिलिस्कला. तिथलं काम काय, तर कृमिविवरातून (दूरचे तारे जोडणाऱ्या अंतराळातल्या जवळच्या वाटेतून) येणाऱ्या-जाणाऱ्या मालवाहू जहाजांची तपासणी, चोरटा माल पकडणं आणि मेड्यूसा ग्रहावरच्या स्थानिकांचं रक्षण. खलाशी खट्टू झालेले, हाताखालचे अधिकारी तिच्यावर नाराज. आणि ही बाई काय करते? नियमात जे काम लिहिलं आहे ते खरोखर करायला घेते. छोट्या तुकड्या पाडते, यानं वाटून देते, एकेक जहाज उघडून बघते. आजवर तिथे कुणी हे केलेलंच नसतं! थोड्याच दिवसांत व्यापारी चिडतात, राजधानीत ओळखी असलेले लोक फोनाफोनी करायला लागतात, आणि तिच्या जहाजावरची माणसं हळूहळू ताठ उभी राहायला लागतात. अर्ध्याहून अधिक पुस्तक हे आहे, लढाई शेवटी येते. युद्धकथेत जकातीचं काम इतकं उत्कंठेने वाचायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटच्या पाठलागात जहाजावरच्या एकेका माणसाची किंमत कळते ती या आधीच्या प्रकरणांमुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे लढायांमधला वेळ. जहाजांचं त्वरण साधारण ५०० जी (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या ५०० पट) धरलं, तर वेग दर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटरने वाढतो. थांबलेलं जहाज तासाभरात तीन कोटी किलोमीटरच्या पुढे जातं, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराचा पाचवा हिस्सा. तरीही सूर्यमाला एवढी मोठी की शत्रू दिसतो तेव्हा तो अजून कित्येक तास दूर असतो. कोण कधी कुणाच्या पल्ल्यात येणार, याचं गणित दोन्ही बाजूंनी मांडून झालेलं असतं आणि आता सुटका नाही हेही दोघांना कळलेलं असतं. मग त्या मधल्या तासांत माणसं काय करतात? जेवण उरकतात, अंतराळपोशाख चढवतात, कप्तान मुद्दाम शांत चेहऱ्याने खुर्चीत बसून राहते. ती प्रकरणं वाचताना माझे हात गार पडतात.

आणि शत्रूच्या जहाजावरची प्रकरणं. शत्रुराष्ट्र हेवनचा थॉमस थिसमन दुसऱ्या पुस्तकात पहिल्यांदा भेटतो. ज्यांच्या बाजूने लढायला त्याला पाठवलंय त्यांची कृत्यं पाहून त्याला लाज वाटते, तरी तो आपलं काम चोख करतो. असा माणूस समोर असला की प्रत्येक क्षेपणास्त्र दोन्हीकडून दुखतं.

पुढच्या पुस्तकांत बैठका फार वाढल्या. एकेक बैठक वीस-वीस पानं चालते. तिथे माझा वेग मंदावतो हे खरं, पण माणसांवर जीव जडला आहे, त्यामुळे सोडवत नाही.

आणखी एक. माझी भाची आठवीत आहे. माझ्याकडून निमिट्झबद्दल (ऑनरच्या खांद्यावर बसणारा सहा पायांचा ट्रीकॅट) ऐकून तिलाही वाचायचं आहे. तिला एकदम पहिलं पुस्तक देऊ का? त्यातले काही प्रसंग तिच्या वयाला जड वाटतात.

आगाऊ धन्यवाद. कृपया 'मिशन ऑफ ऑनर'च्या पुढचं काही उघड करू नका.

प्रतिसाद १

ताई, प्रकाशनाचा क्रम धरा, बाकीच्या याद्या विसरा. कालक्रमाने वाचायला गेलात तर एका पुस्तकातली प्रकरणं दुसऱ्याच्या मधोमध घालावी लागतात, कारण तीन धाग्यांतल्या घटना एकाच वेळी घडत असतात.

तुम्ही अकरावं संपवलंय, त्यामुळे मागे राहिलेली दोन आधी घ्या: 'क्राउन ऑफ स्लेव्ह्ज' (२००३, एरिक फ्लिंटबरोबर लिहिलेलं) आणि 'द शॅडो ऑफ सगानामी' (२००४). ही दोन्ही 'ॲट ऑल कॉस्ट्स'च्या (२००५) आधी आलेली आहेत. टॅलबॉट आणि मोनिका तुम्हाला सगानामीत सापडतील. मग २००९ची दोन, 'स्टॉर्म फ्रॉम द शॅडोज' आणि 'टॉर्च ऑफ फ्रीडम'. मेसावरच्या माणसांचा उलगडा टॉर्चमध्ये होतो. 'स्टॉर्म'च्या सुरुवातीला तुम्ही वाचलेल्याच काही घटना ऑनरची मैत्रीण मिशेल हेंके हिच्या बाजूने दिसतील, तेव्हा पुस्तक चुकलं असं वाटून घेऊ नका. हे झालं की 'मिशन ऑफ ऑनर' (२०१०) पुन्हा पहिल्या पानापासून. त्याची सुरुवात तेव्हा पूर्ण वेगळी वाचली जाईल.

त्यापुढे 'अ रायझिंग थंडर' (२०१२), 'शॅडो ऑफ फ्रीडम' (२०१३), 'कॉल्ड्रन ऑफ घोस्ट्स' (२०१४), 'शॅडो ऑफ व्हिक्टरी' (२०१६) आणि 'अनकॉम्प्रमाइझिंग ऑनर' (२०१८). वगळायचंच झालं तर 'शॅडो ऑफ व्हिक्टरी'. त्यातल्या बऱ्याच घटना तोवर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या नजरेतून वाचलेल्या असतील.

पण सगानामी मात्र अजिबात वगळू नका. तुम्हाला पहिलं पुस्तक आवडलंय ना? मग हे तुमच्यासाठीच आहे. एकटं जहाज, हेक्झापुमा. कप्तान तेरेखोव, ज्याच्या मनावर आधीच्या लढाईचं ओझं आहे. आणि नुकतेच प्रबोधिनीतून बाहेर पडलेले मिडशिपमन, आपल्या पहिल्या सफरीवर. घरापासून लांब, वरिष्ठांना विचारायला वेळ नाही, निर्णय स्वतःच घ्यायचा. बैठका आहेत, पण त्यांतून पुढे काहीतरी घडतं.

प्रतिसाद २

मी मर्चंट नेव्हीत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे तुम्ही त्या मधल्या तासांबद्दल लिहिलंत ते वाचून राहवलं नाही. आमच्याकडे पुलावर (जहाज जिथून चालवतात तिथे) वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, करताना पहिली शिकवण हीच असते: समोरच्या जहाजाचं बेअरिंग (आपल्याकडून दिसणारी दिशा) बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, म्हणजे टक्कर होणार. समुद्र मोकळा असतो, दुसरं जहाज क्षितिजावर ठिपक्याएवढं, आणि तरी रडारवर रेघ आखली की कळतं, अमुक मिनिटांनी ते आपल्या किती जवळून जाणार. सगळं संथ चालतं म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि वळायचं ते वेळेत वळायला हवं, कारण मोठं जहाज जागच्या जागी थांबत नाही. वेबरच्या लढाया मला या कारणाने खऱ्या वाटतात. त्याची जहाजं कल्पनेतली आहेत, पण वेग अंगावर असताना दिशा बदलायला काय मोजावं लागतं ते त्याने कुठेच विसरलेलं नाही.

जहाजावर चढून माल तपासण्याचंही तसंच. कागदपत्रं बघताना कप्तानाचा चेहरा बघणारा अधिकारी वेगळाच असतो. बॅसिलिस्कमधली ती तपासणीची पानं मी दोनदा वाचली आहेत.

तुमच्या भाचीसाठी 'अ ब्यूटिफुल फ्रेंडशिप' (२०११) घ्या. वेबरनेच किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेलं आहे. ऑनरच्या घराण्यातली स्टेफनी हॅरिंगटन, कित्येक पिढ्यांपूर्वीची, स्फिंक्स ग्रहावर नव्याने राहायला आलेली मुलगी, आणि तिला सापडणारा पहिला ट्रीकॅट. काही प्रकरणं तर ट्रीकॅटच्या बाजूने आहेत. माझ्या मुलीने तिथूनच सुरुवात केली आणि मोठी झाल्यावर मुख्य मालिकेकडे वळली.

प्रतिसाद ३

वर दिलेला क्रम बरोबर आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. ताईंना जे आवडतं ते पुढच्या पुस्तकांत कमी कमी होत जातं, हे त्यांना आधी सांगायला हवं. सुरुवातीला एका जहाजावर मोजकी क्षेपणास्त्रं, त्यातलं प्रत्येक कुठे गेलं हे आपल्याला कळतं. पुढे पॉड (एकदम अनेक क्षेपणास्त्रं सोडणारे संच) आले आणि एका मारात हजारो क्षेपणास्त्रं सुटायला लागली. आकडे मोठे झाले तशी जहाजावरची माणसं लहान झाली. तंत्रज्ञान पुढे गेलं की युद्धाचं रूप बदलणार, हे वेबर प्रामाणिकपणे दाखवतो आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण वाचक म्हणून मला चौथं पुस्तक, 'फील्ड ऑफ डिसऑनर', जास्त लागलं, ज्यात आरमारी लढाई जवळजवळ नाहीच.

म्हणून मी म्हणेन: सगानामी जरूर वाचा, मग थांबून बघा पुढे जावंसं वाटतंय का. मालिका पूर्ण केलीच पाहिजे असं नाही.

प्रतिसाद ४

इतिहासाच्या अंगाने एक भर. पहिलं पुस्तक सी. एस. फॉरेस्टरला (शिडाच्या जहाजांच्या काळातल्या आरमारी कादंबऱ्यांचा लेखक) अर्पण केलेलं आहे, आणि ऑनर हॅरिंगटनची आद्याक्षरं त्याच्या नायकाची, होरेशिओ हॉर्नब्लोअरचीच आहेत. पण वेबरची खरी करामत जहाजाच्या रचनेत आहे. जहाजाच्या वर आणि खाली गुरुत्वाचे अभेद्य पट्टे, बाजूंना त्यांहून कमकुवत ढाल, आणि पुढून-मागून उघडं. एवढं ठरवलं की शिडाच्या जहाजांचं सगळं युद्धशास्त्र आपोआप अंतराळात येतं. तोफा बाजूला, म्हणून रांग धरून लढायचं. आणि शत्रूच्या नाकासमोरून किंवा पाठीमागून आडवं जाता आलं, तर त्याचा सर्वनाश.

२१ ऑक्टोबर १८०५ला ट्राफल्गरला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची ध्वजनौका व्हिक्टरी शत्रूच्या रांगेवर थेट चालून गेली. जवळ पोचेपर्यंत समोरून मार खात, स्वतःच्या बाजूच्या तोफा चालवता येत नसताना. रांग फोडली आणि फ्रेंच ध्वजनौका ब्यूसांतॉरच्या मागच्या उघड्या भागात तिने तोफा डागल्या. ते वर्णन वाचून मग वेबरची कोणतीही लढाई वाचा, कप्तान एवढ्या हट्टाने जहाज का वळवत असतात ते लगेच उमगतं. हेवनमधली क्रांती, तिची सार्वजनिक सुरक्षा समिती आणि रॉब एस. पिअर (रोबेस्पिएर) हे नाव १७९३च्या फ्रान्समधून आलंय हे तर तुमच्या लक्षात आलंच असेल.

प्रतिसाद ३ शी मी सहमत नाही. हजारो क्षेपणास्त्रांच्या लढाईत माणूस लहान होतो, पण तिथे निर्णय घेणाऱ्यांवरचा भार वाढतो. 'स्टॉर्म फ्रॉम द शॅडोज'मध्ये मिशेल हेंकेला समोरच्याला मरू द्यायचं नाहीये, आणि तो ऐकायला तयार नाही. त्या संवादांसाठी तरी पुढे जायला हवं.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. 'मिशन ऑफ ऑनर' बाजूला ठेवलं आहे.

प्रतिसाद २ मधलं बेअरिंगचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. दादा, तुम्ही पुलावरच्या वॉचबद्दल सवडीने वेगळा धागा काढाल का? मी तरी नक्की वाचेन. 'अ ब्यूटिफुल फ्रेंडशिप' भाचीसाठी मागवते आहे.

प्रतिसाद ३, तुमचं म्हणणं पटतं. अकराव्या पुस्तकातल्या शेवटच्या लढाईत मला हेच जाणवलं होतं. जहाजांची नावं येतात आणि जातात, कुणासाठी थांबावं तेच कळत नाही. तरी थिसमनचं पुढे काय होतं हे वाचल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एक शेवटची शंका. 'क्राउन ऑफ स्लेव्ह्ज'ची पहिली काही पानं चाळली, तर त्यात व्हिक्टर काशा आणि झिलविकी या दोन हेरांची ओळख जुनी असल्यासारखी वाटते. याच्याही आधी काही आहे का?

प्रतिसाद १

हो ताई, आहे. 'फ्रॉम द हायलँड्स' नावाची एरिक फ्लिंटची दीर्घकथा, 'चेंजर ऑफ वर्ल्ड्स' (२००१) या संग्रहात. दोघे तिथे पहिल्यांदा भेटतात. झिलविकीची मुलगी हेलन त्यात अजून शाळकरी आहे, आणि हीच हेलन पुढे हेक्झापुमावर मिडशिपमन होऊन येते. तेव्हा आधी ही कथा, मग 'क्राउन', मग सगानामी.