प्रति: सिडनीत रमवर चालणारा व्यवहार

असं म्हणतात की सुरुवातीच्या सिडनीत सगळा व्यवहार रमवरच चालायचा, म्हणजे ही दारूच पैशासारखी वापरायचे. रम होतीच, पण तेवढ्यावर थांबलं तर बाजाराची खरी गंमत निसटते.

1788 मध्ये कैद्यांची वसाहत वसवताना इंग्रज सरकारने नाण्यांचा पुरवठाच केला नाही. मग सरकारी कोठारात धान्य घातल्याची पावती, एखाद्याच्या सहीची चिठ्ठी, जहाजांवरून आलेलं कुठलंही नाणं, जे हाती येईल ते चालायचं. 1800 मध्ये गव्हर्नर किंगने या नाण्यांचे भाव जाहीर केले. त्या यादीत आपला रुपया आहे, अडीच शिलिंगांना! मोहोर आणि होनसुद्धा आहेत. कलकत्त्याशी व्यापार होता, रॉबर्ट कॅम्पबेल हा व्यापारी तिथूनच माल आणायचा, म्हणून हे नाणं तिथवर पोचलं. शिवाय एका पेनीचं तांब्याचं नाणं तिथे मुद्दाम दोन पेन्सना धरलं, बाहेर जाऊ नये म्हणून.

मला सगळ्यात भारी वाटते ती नंतरचा गव्हर्नर मॅक्वारी याची शक्कल. 1812 मध्ये मद्रासहून 40,000 स्पॅनिश डॉलर, म्हणजे चांदीची नाणी, आली. हेन्शल नावाच्या कैद्याकडून त्याने त्यांना मधोमध भोकं पाडून घेतली. बाहेरची कडी पाच शिलिंगांची, आतली टिकली पंधरा पेन्सची (बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग). पाच शिलिंगांच्या डॉलरचे सव्वासहा झाले, आणि असलं भोकाचं नाणं परदेशी व्यापारी कशाला घेईल? हा हेन्शल नकली नाणी पाडल्याबद्दलच शिक्षा होऊन आला होता.