लिंचचा ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ घरी मंडळाला दाखवायचा आहे, कसा दाखवू? (इंदूर)

रामबागची_वाचक
नमस्कार मंडळी. रामबागेत आमचं दहा-बारा जणांचं वाचन मंडळ आहे. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमतो. या वेळी पुस्तकाऐवजी सिनेमा ठरलाय आणि पाळी माझी आहे. दिग्दर्शक डेव्हिड लिंच जानेवारीत (2025) गेले तेव्हापासून त्यांचा ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (2001) दाखवायचं मनात होतं. जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं या शतकातले शंभर उत्तम चित्रपट निवडले, त्यात हा दुसरा आला, म्हणजे विषयही ताजा आहे.

मंडळात निम्मे लोक साठीच्या पुढचे. लिंच कुणीच पाहिलेला नाही. आधी काही समजावून सांगावं, परीक्षणं वाचून दाखवावीत, की थेट लावावा? सिनेमा जवळपास अडीच तासांचा आहे, मध्यंतर कुठे द्यावं? आणि कशावर दाखवू? घरी 43 इंची टीव्ही आहे. खर्च 2,000 रुपयांच्या आत हवा, मंडळाच्या वर्गणीतून करायचाय. 6 सप्टेंबरचा शनिवार, संध्याकाळी सहा, असं धरून चालले आहे.

विजयनगर_४के
ताई, 43 इंचावर हा सिनेमा म्हणजे अन्याय आहे. प्रोजेक्टर घ्या. मी गेल्या दिवाळीत घेतला, अडतीस हजारांत आला, पडदा वेगळा. पहिल्याच रात्री हाच सिनेमा लावला होता. त्या विन्कीज हॉटेलच्या मागच्या भिंतीचा प्रसंग शंभर इंचांवर पाहा. लख्ख दुपार, ऊन पडलंय, अंधाराचा कोपरासुद्धा नाही, तरी माझ्या भावाच्या हातातली ताटली पडली.

रामबागची_वाचक
दादा, अडतीस हजार नाहीत हो. दोन हजार आहेत.

पलासियाचे_काका
सुरुवातच या सिनेमानं करू नका. ‘ब्लू वेल्वेट’ (1986) दाखवा. छोटं गाव, गवतात सापडलेला कापलेला कान, पोराला लागलेला शोधाचा नाद. गोष्टीला डोकं आहे, शेपूट आहे. लिंचचं जग तिथून नीट कळतं, मग मलहॉलंडकडे जावं. मी याच क्रमानं पाहिले आणि म्हणूनच मला ते लागले.

गीताभवनची_माई
काका, साठीच्या बायकांसमोर ‘ब्लू वेल्वेट’? त्यात नटी इझाबेला रोसेलिनीच्या वाट्याला काय काय येतं ते आठवा. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टनं त्यावरूनच त्या सिनेमाला एक तारा दिला होता. दिग्दर्शकानं तिला नको तितकं वापरून घेतलं, हा त्याचा राग होता आणि मला तो पटतो.

पलासियाचे_काका
ईबर्टचं काय घेऊन बसलात माई. त्याच सिनेमासाठी लिंचला ऑस्करचं दिग्दर्शनाचं नामांकन होतं. ‘लॉस्ट हायवे’लाही (1997) ईबर्ट आणि त्याचा जोडीदार समीक्षक सिस्केल या दोघांनी अंगठा खाली केला, म्हणजे नापास केला, तर लिंचनं जाहिरातीत तेच छापलं: हा सिनेमा पाहायला आणखी दोन कारणं. समीक्षकाला असं उत्तर द्यायला छाती लागते.

गीताभवनची_माई
मग हेही सांगा की त्याच ईबर्टनं मलहॉलंडला पूर्ण चार तारे दिले. लिंच आयुष्यभर याच सिनेमाच्या दिशेनं चालत होता, आता पोचला, आधीचे माफ केले, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. आधीचं मत जाहीर असताना असं लिहायलाही छाती लागते.

सुदामानगर_ब्लूरे
डिस्कबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची ब्लू-रे चुकूनही मागवू नका. माझी पुतण्यानं अमेरिकेतून आणली, प्लेअरमध्ये घातली, चक्क नकार. डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचे विभाग, म्हणजे रिजन, ठरलेले असतात; त्यांच्या साध्या ब्लू-रे रिजन ए च्या असतात, आपला देश रिजन सी मध्ये. इथल्या विक्रेत्याला विचारलं तर त्याला रिजन हा प्रकारच माहीत नाही! डिस्क अजून कपाटात आहे, खोका सुंदर आहे. 2021 ची 4के डिस्क कुठेही चालते, पण तिला 4के प्लेअर लागतो.

विजयनगर_४के
माझ्याकडे 4के प्लेअरपण आहे. प्रोजेक्टरशी जोडला की काय चित्र दिसतं!

टिळकनगर_संहिता
प्रश्न दाखवायचा कसा हा आहे, म्हणून माझा अनुभव सांगते. पहिल्यांदा डीव्हीडी निघाली तेव्हा तिच्यासोबत लिंचनं दहा सूचनांचा कागद दिला होता. श्रेयनामावलीच्या आधी दोन दुवे आहेत, लाल लॅम्पशेड कधी कधी दिसते ते बघा, किल्ली कोण देतं आणि का, असं सगळं. हा कागद मराठीत करून प्रत्येकाच्या हातात द्या. आम्ही कॉलेजात असंच केलं होतं. लोक परीक्षेला बसल्यासारखे सावरून बसले, कुणी झोपलं नाही.

राजवाडा_रोज
ताई, 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे! त्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, निघतात. संध्याकाळपासून रस्ते बंद, राजवाड्याकडून रामबागेत यायचं तर पायी. आणि आमच्यासारखे लोक झांक्या सोडून सिनेमाला येणार नाहीत. हुकुमचंद मिलची झांकी लहानपणापासून चुकवलेली नाही.

रामबागची_वाचक
बाप रे, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मनापासून आभार. तारीख बदलते.

एमजीरोड_प्रेक्षक
दोन दिवसांत दाखवा. नाहीतरी तो सिनेमा तुटकच आहे. मुळात 1999 मध्ये एबीसी वाहिनीसाठी मालिकेचा पहिला भाग म्हणून चित्रित केला, वाहिनीनं नाकारला, मग फ्रान्सच्या स्टुडिओ कनालनं पैसे घातले आणि लिंचनं पुढचा भाग चित्रित करून जोडला. म्हणून काउबॉय येतो, गुप्तहेर येतात आणि त्यांचं पुढे काही होत नाही. लोक त्यात गूढ शोधतात, पण ती मालिकेची उरलेली सुतं आहेत. समीक्षक रेक्स रीडनं त्याला त्या वर्षातला सर्वांत वाईट सिनेमा म्हटलं होतं. मी तितकं म्हणणार नाही, पण त्याचा वैताग मला कळतो.

टिळकनगर_संहिता
सुतं कशी? ती पोरगी हॉलिवुडमध्ये येऊन जे स्वप्न रचते त्यात अशीच माणसं येणार. पहिला सगळा भाग डायन (Diane) नावाच्या त्या पोरीचं स्वप्न आहे असं धरलं की काउबॉयही बसतो आणि

गीताभवनची_माई
संहिता, अगं थांब! ज्यांनी पाहिला नाही तेही हे वाचतायत.

एमजीरोड_प्रेक्षक
स्वप्न म्हटलं की काहीही बसतं. हीच तर माझी तक्रार आहे.

पलासियाचे_काका
तक्रार ठेवा, पण हिशेब पाहा. 2001 ला कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार, जोएल कोएनबरोबर विभागून. फ्रान्सचा सीझर हा चित्रपट पुरस्कार. 2016 साली बीबीसीनं 177 समीक्षकांना विचारलं, तर या शतकातला पहिल्या क्रमांकाचा सिनेमा हाच. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत 2012 ला अठ्ठाविसावा होता, 2022 ला आठवा. वीस वर्षांत वर चढत गेलेला सिनेमा आहे हा. ऑस्कर मात्र दिग्दर्शनाच्या एका नामांकनावर थांबला आणि तो पुरस्कारही ‘अ ब्यूटिफुल माइंड’च्या रॉन हॉवर्डला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

सुदामानगर_ब्लूरे
काका, मग तुम्हीच मघाशी सांगत होतात की हा दाखवू नका.

पलासियाचे_काका
सुरुवातीला दाखवू नका म्हणालो. उत्तम आहे म्हणूनच म्हणालो.

नंदलालपुरा_ध्वनी
चित्रावर इतकं बोललात, आवाजावर कुणीच नाही. या सिनेमाचं ध्वनिसंयोजन लिंचनं स्वतः केलंय. खोली रिकामी असली तरी खाली एक घरघर चालू असते आणि अँजेलो बादालामेंतीचं संगीत तिच्यात मिसळत जातं. ती घरघर सपाट टीव्हीच्या स्पीकरमधून येतच नाही, आणि ती नसेल तर लोक म्हणतात, काही घडत नाही. कुणाच्या घरी जुने मोठे स्पीकर असतील तर उसने आणा. एक पैसा लागणार नाही. संवाद हळू आणि मध्येच दणका असा प्रकार आहे, म्हणून इंग्रजी सबटायटल चालू ठेवा.

राजवाडा_रोज
प्रोजेक्टर भाड्यानंही मिळतो ना? लग्नवाल्यांकडे विचारा.

विजयनगर_४के
भाड्याच्या प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी दिसतो. हा सिनेमा निम्मा काळ्यात आहे. मी मघाशीच सांगितलं, विकतच घ्या.

गीताभवनची_माई
एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण बाकीचे टाळतायत. यात दोन स्त्रियांच्या शय्येचा प्रसंग आहे, पुढे आणखी एक एकटीचा आहे, आणि दोन्ही उघड आहेत. ते कथेला लागतात, कापायचे नाहीत. पण सासू आणि सून शेजारी बसणार असतील तर आधी फोन करून सांगा. आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं. दोघी जणी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि परत आल्याच नाहीत, त्यामुळे क्लब सिलेन्सिओ या रात्रीच्या नाट्यगृहातला प्रसंग त्यांचा हुकला. सिनेमातली ती दहा मिनिटं हुकली म्हणजे काय राहिलं!

टिळकनगर_संहिता
माईंशी सहमत. आणि मध्यंतर द्यायचंच तर तासाभरानं द्या, क्लबच्या आसपास अजिबात नको. सूचनांचा कागद मात्र द्याच.

रामबागची_वाचक
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. काल रात्री सिनेमाही पुन्हा पाहिला आणि माझं ठरलं. बहुतेकांना पटणार नाही.

मलहॉलंडच दाखवणार. अखंड. मध्यंतर नाही, कागद नाही, प्रस्तावनाही नाही. संध्याकाळी पाचला सुरू, साडेसातला संपेल, ज्यांना लवकर जायचंय ते जेवणाला घरी पोचतील.

कारण सांगते. आमच्या मंडळातली माणसं सानंद या इथल्या मराठी संस्थेची नाटकं वर्षानुवर्षं बघत आलीत, काही जण स्वतः गणेशोत्सवात उभे राहिलेले. आता नायिका नेओमी वॉट्सचा ऑडिशनचा प्रसंग आठवा. आधी स्वयंपाकघरात ती मैत्रिणीसमोर तेच संवाद म्हणते, भडक आणि पोकळ, दोघी हसतात. मग स्टुडिओत, बापाच्या वयाच्या नटाच्या अंगाशी उभं राहून, तेच शब्द कुजबुजत म्हणते आणि खोलीतल्या लोकांचा श्वास अडकतो. लेखकाचं एक अक्षर बदललेलं नाही, नटीनं सगळं बदललं. हे नाटकवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. क्लब सिलेन्सिओही रंगमंचच आहे: माणूस बजावून सांगतो की बँड नाही, सगळं टेपवर आहे, आणि तरी पुढच्या क्षणी आपण रडतो. ज्याला हे दोन प्रसंग लागले त्याला काउबॉय कुठे बसतो याची चिंता उरत नाही. हातात कागद दिला तर माझे काका लोक लॅम्पशेड मोजत बसतील आणि वॉट्सचा चेहरा पाहायचा राहील.

परीक्षणं नंतर. ईबर्टचं आणि रेक्स रीडचं, दोन्हींचा सार मराठीत लिहून काढलाय, सिनेमा संपल्यावर एकामागून एक वाचणार आणि ज्याला भांडायचं त्यानं भांडायचं. एमजीरोड_प्रेक्षक, तुम्ही जवळच राहत असाल तर जरूर या, रीडची बाजू घ्यायला कुणीतरी हवं आहे.

टीव्ही 43 इंचीच. सिनेमा ऑनलाइन भाड्यानं घेऊन लॅपटॉप जोडणार. स्पीकर शेजारच्या दादांचे मिळालेत, काल लावून पाहिले, ती घरघर खरंच ऐकू आली, नंदलालपुरा_ध्वनी यांचे फार आभार. माईंच्या सांगण्यावरून प्रत्येकाला फोन केला. एकच बाई नको म्हणाल्या. उरलेल्या वर्गणीत छप्पन दुकानवरून, इथल्या खाऊगल्लीतून, खाणं आणणार. तारीख 13 सप्टेंबर, शनिवार.

राजवाडा_रोज
13 ला तर पितृपक्ष आहे ताई.

रामबागची_वाचक
सिनेमा बघायला मुहूर्त लागत नाही हो. सासूबाईंना विचारलं, त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत.

पलासियाचे_काका
मध्यंतर नाही हे माझ्या वयाच्या माणसाला जड आहे. तरी येईन. दाराजवळची खुर्ची ठेवा.

विजयनगर_४के
मी प्रोजेक्टर गाडीत घालून आणतो. भाडं नको. एक पांढरी भिंत फक्त मोकळी करून ठेवा.

खजराना_नवा
धागा आत्ताच पाहिला. याचं हिंदी डबिंग मिळेल का? सबटायटल वाचायचा कंटाळा येतो.

नंदलालपुरा_ध्वनी
डबिंग शोधूच नका. क्लबमधलं गायिका रेबेका डेल रिओचं गाणं मुळातच स्पॅनिशमध्ये आहे, रॉय ऑर्बिसनच्या ‘क्राइंग’चं रूपांतर, कुठलंही वाद्य नाही, नुसता गळा. रेबेका याच जूनमध्ये (2025) वारल्या. तेवढं तरी जसंच्या तसं ऐका. आणि ताई, स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर ठेवा, भिंतीला चिकटवू नका, नाहीतर नुसता घुमेल.